८६०एमचं ९६०एम केलं, तरी कोड ४३ परत येतोच

तक्रार ठरलेली असते. लॅपटॉप २०१४ किंवा २०१५ चा, आत एनव्हिडियाचं जीटीएक्स ८६०एम. कुठेतरी वाचनात येतं की जीटीएक्स ९६०एम म्हणजे हीच चिप, फक्त नाव नवं. मग ९६०एमचा व्हीबायॉस, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं स्वतःचं फर्मवेअर, शोधून उतरवला जातो. तो फ्लॅश होतो, म्हणजे जुन्या फर्मवेअरच्या जागी लिहिला जातो. ड्रायव्हर आधी कुरकुर करतो, पण त्याच्या इन्फ फाइलमध्ये, म्हणजे तो कोणत्या कार्डांसाठी आहे त्या यादीत, दोन ओळी घुसवल्या की बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘९६०एम’ झळकतं आणि स्क्रीनशॉट मित्रांना जातो. आठवडाभरात पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे विंडोजने कार्ड थांबवल्याची खूण. ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकला की चालतं, काही दिवसांनी परत तेच.

मग ‘ड्रायव्हरच खराब’ म्हणून एकेक जुनी आवृत्ती टाकून बघणं सुरू होतं. ड्रायव्हरचा यात फारसा दोष नसतो. कार्डाची ओळख वेगवेगळ्या जागी नोंदलेली असते आणि फ्लॅशने त्यातली एकच नोंद बदलते. चेसिसवर एक नंबर आणि आरसी बुकावर दुसरा असला तरी रोज कोणी विचारत नाही. नाकाबंदी लागली की मात्र अडकलात. इथे नाकाबंदी म्हणजे विंडोज अपडेट, पूर्ण रीस्टार्ट, किंवा झोपलेलं कार्ड पुन्हा जागं होण्याची वेळ.

आधी हातात काय आहे ते बघा

८६०एम या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या, आणि सगळ्यात महागात पडणारे घोटाळे इथेच होतात. एक आहे मॅक्सवेल पिढीतली जीएम१०७, ६४० कोरवाली. दुसरी केप्लर पिढीतली जीके१०४, ११५२ कोरवाली. लॅपटॉपवरचं स्टिकर दोन्हींचं सारखंच. ९६०एम मात्र जीएम१०७ वरच आलं. त्यामुळे केप्लरवाल्या ८६०एमवर ९६०एमचा व्हीबायॉस टाकला तर कार्ड उभंच राहणार नाही.

ओळखायला सोपं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये जा, यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. १०डीई हा एनव्हिडियाचा व्हेंडर क्रमांक. त्यापुढचा डिव्हाइस आयडी १३९२ असेल तर तुमचं ८६०एम मॅक्सवेलचं, ११९ए असेल तर केप्लरचं. ९६०एमचा आयडी १३९बी. शेजारच्या भावंडांत ८५०एम म्हणजे १३९१ आणि ९५०एम म्हणजे १३९ए. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हीबायॉसची आवृत्ती दिसते. मूळ फर्मवेअर असेल तर ती जीएम१०७ साठी ८२.०७ ने आणि जीके१०४ साठी ८०.०४ ने सुरू होते. फ्लॅश करून झाल्यावर या आवृत्तीवर विसंबू नका, कारण हा आकडा फाइलमधूनच वाचला जातो.

केप्लरवाल्यांचा मोह समजण्यासारखा आहे. लॅपटॉपमधल्या केप्लर कार्डांना नवे गेम रेडी ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवलं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही एप्रिल २०२० पर्यंतच दिल्या. मॅक्सवेलचं मात्र पुढे सुरू राहिलं. म्हणून ‘९६०एम म्हणून ओळख पटली तर नवे ड्रायव्हर मिळतील’ असा हिशेब मांडला जातो. पण ड्रायव्हर चालतो तो चिपच्या सूचनासंचावर, नावावर नाही. मॅक्सवेलसाठी तयार झालेला कोड केप्लरला कळत नाही. तुमचं कार्ड ११९ए असेल तर पुढचं फक्त पूर्ववत करण्यापुरतं वाचा.

मॅक्सवेलवाल्यांना तर तेवढंही निमित्त नाही. ८६०एम आणि ९६०एम दोन्हींना एकाच पॅकेजमधून ड्रायव्हर मिळत आले, आणि ५८० ही मालिका दोन्हींसाठी सारखीच शेवटची ठरली.

नाव बदललं म्हणजे नेमकं काय बदललं

विंडोजमध्ये दिसणारं नाव कार्ड सांगत नाही. कार्ड आकडे सांगतं. त्या आकड्यांसमोर कोणतं नाव छापायचं ते ड्रायव्हरच्या इन्फ फाइलमध्ये लिहिलेलं असतं. १३९२ च्या ओळीसमोर तुम्ही ‘जीटीएक्स ९६०एम’ लिहिलंत तर विंडोज निमूटपणे तेच दाखवेल, व्हीबायॉसला हात लावायचीही गरज नाही. ‘झालं, माझं ९६०एम झालं’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं एवढंच झालेलं असतं. पुढचा ड्रायव्हर स्वतःची इन्फ घेऊन येतो आणि नाव परत ८६०एम होतं. तुमची तक्रार फक्त ‘नाव परत जुनं होतं’ एवढीच असेल तर काहीही बिघडलेलं नाही, फार काही साधलेलंही नाही.

खरी ओळख म्हणजे पीसीआय डिव्हाइस आयडी. तो चिपमधल्या फ्यूजवरून (कारखान्यात कायमच्या केलेल्या खुणा) आणि बोर्डावरच्या स्ट्रॅपवरून ठरतो. स्ट्रॅप म्हणजे ठरावीक पिनांना जोडलेले बारीक रेझिस्टर. वीज येताक्षणी चिप ते वाचते आणि आयडीचे शेवटचे काही बिट त्यावरून ठरवते. २०१३ मध्ये डेस्कटॉपच्या जीटीएक्स ६९० वरचे असे रेझिस्टर बदलून त्या कार्डाला क्वाड्रो, म्हणजे एनव्हिडियाचं व्यावसायिक कार्ड, म्हणून ओळखायला लावण्याचा प्रयोग गाजला, तो याच जोरावर. जुन्या पिढ्यांच्या व्हीबायॉसमध्ये सुरुवातीलाच या स्ट्रॅपवर कुरघोडी करणारे मास्क असत, म्हणून केप्लरच्या आधीच्या फर्मी पिढीपर्यंत नुसत्या सॉफ्टवेअरने आयडी बदलल्याची उदाहरणं आहेत. त्या काळातल्या सूचना आजही फिरत असतात आणि लोक त्या २०१४ च्या लॅपटॉपला जशाच्या तशा लावतात.

आता फाइलकडे या. व्हीबायॉसची फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली की रॉमची सुरुवात ५५ एए या दोन बाइटांनी होते (काही फाइलींत त्याआधी एनव्हिडियाचा स्वतःचा एक हेडर असतो, तो ओलांडून पुढे जा). रॉमच्या सुरुवातीपासून हेक्समध्ये १८ व्या जागी एक पत्ता असतो. तो ‘पीसीआयआर’ या चार अक्षरांकडे नेतो, हेक्समध्ये ५० ४३ ४९ ५२. त्याला लागूनच डीई १० ९२ १३ असे बाइट दिसतील. क्रम उलटा असतो, म्हणजे वाचायचं १०डीई आणि १३९२. ९६०एमच्या फाइलमध्ये इथे डीई १० ९बी १३ असतं. लॅपटॉप सुरू होताना सिस्टिम बायॉस (लॅपटॉपचं मुख्य फर्मवेअर) हे आकडे चिपने सांगितलेल्या आयडीशी ताडून बघतो आणि जुळले नाहीत तर तो रॉम चालवत नाही.

काही हुशार मंडळी ९६०एमच्या फाइलमध्ये ९बीच्या जागी ९२ लिहितात आणि चेकसम जुळवून घेतात. सगळ्या बाइटांच्या बेरजेचा शेवटचा बाइट शून्य यायला हवा, एवढाच तो नियम आहे. त्याने ओळखीची अडचण सुटते, पण मग नाव ८६०एमच राहतं. आणि दुसरी, जास्त त्रासदायक अडचण उरते ती वेगळीच: ती फाइल मुळात दुसऱ्या लॅपटॉपच्या बोर्डासाठी लिहिलेली असते.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘चिप तीच आहे ना’ या वाक्यावर सगळं फसतं. व्हीबायॉसमध्ये चिपपेक्षा बोर्डाचीच माहिती जास्त असते. व्होल्टेज देणारा कंट्रोलर कोणता, त्याला कोणत्या पिनवरून आदेश द्यायचा. मेमरी सॅमसंगची, हायनिक्सची की आणखी कोणाची, आणि प्रत्येकीचे टायमिंग काय. कार्डाला बाहेरचं पोर्ट जोडलेलं आहे की सगळी चित्रं इंटेलच्या ग्राफिक्समधून बाहेर पडतात. बाहेरून आणलेल्या फाइलमध्ये सॅमसंगचे टायमिंग असतील आणि तुमच्या बोर्डावर हायनिक्सच्या चिप असतील, तर डेस्कटॉप व्यवस्थित दिसतो, गेम सुरू झाला की पडद्यावर रंगीत चौकटी नाचतात आणि थोड्या वेळाने ड्रायव्हर मान टाकतो. २ जीबी आणि ४ जीबीच्या फाइलींची अदलाबदल केली तरी असंच काहीतरी होतं. एचडीएमआय एकाएकी मेलं असेल तर पोर्टांचा तक्ता दुसऱ्या बोर्डाचा आहे असं समजा.

व्हीबायॉस राहतो कुठे

हा प्रश्न फ्लॅश करण्याआधी विचारायला हवा, पण तो हमखास नंतर विचारला जातो.

डेस्कटॉपच्या कार्डावर व्हीबायॉससाठी स्वतंत्र ईईप्रॉम, म्हणजे पुन्हा लिहिता येणारी छोटी मेमरी चिप, असते. लॅपटॉपमध्ये एमएक्सएमचं काढता येणारं कार्ड असेल तर त्यावरही साधारणपणे ती असते. पण मदरबोर्डावर थेट बसवलेल्या ८६०एमसारख्या कार्डाला बहुतेक वेळा अशी चिपच नसते. त्याचा व्हीबायॉस लॅपटॉपच्या सिस्टिम बायॉसच्या पोटात असतो, आणि ऑप्टिमसच्या रचनेत (पडदा इंटेलच्या ग्राफिक्सवर, एनव्हिडियाचं कार्ड लागेल तेव्हाच) ड्रायव्हरला तो एसीपीआयच्या, म्हणजे बायॉस आणि विंडोज यांच्यातल्या दुव्याच्या, मार्फत मिळतो. लिनक्सवरचा नूव्हो ड्रायव्हर म्हणूनच व्हीबायॉस एका जागी सापडला नाही तर दुसरीकडे शोधतो, आणि त्या जागांमध्ये एसीपीआय हीही एक आहे.

तपासण्याची रीत अशी. एनव्हीफ्लॅश हा व्हीबायॉस वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅम. एनव्हीफ्लॅश अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि त्याला फक्त बॅकअप घ्यायला सांगा. ऑप्टिमसमध्ये रिकामं कार्ड वीज तोडून झोपलेलं असतं, तेव्हा आधी कार्ड वापरणारा एखादा प्रोग्रॅम सुरू ठेवा, नाहीतर कार्डच सापडत नाही असा निरोप येईल. कार्ड सापडलं पण ‘सपोर्टेड ईईप्रॉम नॉट फाउंड’ असं आलं तर कार्डाला स्वतःची चिप नाही. जीपीयू-झेडमध्ये ‘या उपकरणावर बायॉस वाचता येत नाही’ अशा अर्थाचा निरोप आला तरी संशय तोच.

चिप नसेल तर एनव्हीफ्लॅशचा प्रवास इथे थांबतो. तरीही ज्यांचं ‘फ्लॅश झालं’ होतं, त्यांचं इन्फच बदललेलं होतं, किंवा त्यांनी सिस्टिम बायॉसमध्ये व्हीबायॉस बदलून तो सगळाच पुन्हा लिहिला होता. दुसऱ्या वाटेने गेला असाल तर लॅपटॉप कंपनीचं बायॉस अपडेट आलं की तुमचा बदल पुसला जाणार, कारण त्या अपडेटमध्ये मूळ व्हीबायॉस असतोच. नवे लॅपटॉप असे अपडेट विंडोजमार्फतही घेतात, तेव्हा ‘मी तर बायॉस अपडेट केलाच नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. बायॉसची आवृत्ती आणि तारीख बघा.

एएमडीच्या बाजूला हे चित्र थोडं वेगळं होतं. रेडिऑन एचडी ७९७०एम (२०१२), एचडी ८९७०एम (२०१३) आणि आर९ एम२९०एक्स (२०१४) ही तिन्ही नावं एकाच पिटकेअर्न चिपची, तिन्हींत १२८० कोर. ती एमएक्सएम कार्डांवर यायची, त्यामुळे स्वतःची रॉम चिप असायची आणि एटीआयफ्लॅशने लिहिता यायची. ७९७०एमवर पुढच्या नावाचा व्हीबायॉस टाकल्याच्या हकिगती म्हणूनच खऱ्या वाटतात. मिळायचं काय, तर ८५० मेगाहर्ट्झचे फार तर ९००. एएमडीने जून २०२१ मध्ये या पिढीचे नियमित ड्रायव्हर थांबवले, तेव्हा तिन्ही नावं एकाच दिवशी जुनी झाली.

कोडचा आकडा वाचा

पिवळा त्रिकोण दिसला की सगळे त्याला ‘ड्रायव्हर एरर’ म्हणतात. आकडा वाचला तर काम बरंच सोपं होतं.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. आयडी खरोखर १३९बी झाला असेल तर हे होऊ शकतं, कारण लॅपटॉपच्या इन्फमध्ये डिव्हाइस आयडीसोबत सबसिस्टिम आयडीही ताडला जातो. हा दुसरा आकडा लॅपटॉप कंपनीचा असतो. तुमच्या मॉडेलच्या सबसिस्टिमसोबत १३९बी अशी जोडी कुठल्याच कंपनीने कधी विकली नसेल, तर इन्स्टॉलर ‘सुसंगत हार्डवेअर नाही’ म्हणून उठून जातो.

कोड ५२ म्हणजे सही पटली नाही. इन्फमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी सोबतच्या कॅटलॉग फाइलची डिजिटल सही मोडते. एकदा सहीची तपासणी बंद करून विंडोज सुरू केलं असेल, तर त्या सत्रात सगळं गोड चालतं.

कोड ४३ म्हणजे ड्रायव्हर सुरू झाला, कार्डाशी बोलला आणि कार्डाकडून मिळालेलं उत्तर त्याला पटलं नाही. फ्लॅश केलेल्या कार्डावर याचा अर्थ बहुधा असा की व्हीबायॉस नीट चाललेला नाही, किंवा त्यातले मेमरीचे वा व्होल्टेजचे तक्ते या बोर्डाशी जुळत नाहीत. इन्फ कितीही बदला, ४३ जाणार नाही.

कोड १२ दिसला तर पत्त्यांची जागा कमी पडते आहे. तो विषय वेगळा, व्हीबायॉसच्या मागे लागू नका.

मग कोड ४३ मध्येच जातो आणि परत येतो, ते का?

कारण तपासणी रोज होत नाही. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे खरंखुरं शट डाउन नसतं. फास्ट स्टार्टअपमुळे कर्नलचं सत्र डिस्कवर साठवून ठेवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तेच उघडलं जातं. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने करतो. त्यामुळे रोज बंद-चालू करणाऱ्याला दोष दिसत नाही आणि एखाद्या अपडेटनंतर आपोआप रीस्टार्ट झाला की दिसतो. फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. निदान ‘कधी येतो, कधी येत नाही’ हा भाग तरी मिटतो. दोष असेल तर प्रत्येक वेळी दिसेल, आणि नेहमी दिसणारा दोष शोधायला सोपा.

दुसरं कारण विंडोज अपडेट. ते तुमचा हाताने बदललेला ड्रायव्हर काढून स्वतःचा, योग्य सहीचा ड्रायव्हर बसवतं. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये ‘अपडेटसोबत ड्रायव्हर घेऊ नका’ असा पर्याय आहे. होम आवृत्तीत तो नाही, तिथे उपकरणांच्या इन्स्टॉलेशन सेटिंगमध्ये जाऊन स्वयंचलित ड्रायव्हर बंद करावे लागतात आणि तेही दर वेळी जुमानलं जाईलच असं नाही.

तिसरं म्हणजे झोप. स्लीपमधून उठताना आणि ऑप्टिमसमध्ये कार्डाची वीज तोडून पुन्हा जोडताना कार्ड नव्याने सुरू केलं जातं. मेमरीचे तक्ते काठावर जुळत असतील तर दहा वेळा जमतं आणि अकराव्यांदा फसतं. लॅपटॉपचं झाकण उघडल्यावरच ४३ येत असेल तर इकडे बघा.

पूर्ववत कसं करायचं

मूळ व्हीबायॉसचा स्वतःचा बॅकअप असेल तर निम्मं काम झालेलं आहे. नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या मूळ बायॉस फाइलमधून तो काढता येतो. यूईएफआयटूल या बायॉस फाइल उलगडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडा आणि डीई १० ९२ १३ (केप्लर असेल तर डीई १० ९ए ११) हे बाइट शोधा. एकापेक्षा जास्त जागी सापडले तर गोंधळू नका. एकाच बायॉसमध्ये २ जीबी आणि ४ जीबीच्या मॉडेलांसाठी वेगवेगळे व्हीबायॉस ठेवलेले असतात, आणि लॅपटॉप सुरू होताना बोर्ड ओळखून योग्य तो निवडतो.

ऑप्टिमसवाल्यांना एक दिलासा आहे: पडदा इंटेलच्या ग्राफिक्सवर चालतो, म्हणून एनव्हिडियाचा व्हीबायॉस पूर्ण बिघडला तरी लॅपटॉप सुरू होतो आणि विंडोजमधूनच दुरुस्ती करता येते. स्वतंत्र ईईप्रॉम असेल तर एनव्हीफ्लॅशने बॅकअप परत लिहा. व्हीबायॉस सिस्टिम बायॉसमध्ये असेल तर कंपनीचा अधिकृत बायॉस, त्याच मॉडेलचा, पुन्हा बसवा. काही लॅपटॉप तीच किंवा जुनी आवृत्ती बसवू देत नाहीत. मग पुढची आवृत्ती असेल तर ती घ्या. त्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की हाताशी आहे ना ते बघा. बायॉस बदलला की विंडोज ती मागतं, आणि तेव्हा ती शोधत बसण्यात मजा नाही.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर बाहेरून प्रोग्रामर लावावा लागतो. सीएच३४१ए हा स्वस्त प्रोग्रामर आणि आठ पिनांची क्लिप मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारून बघा. लॅपटॉपची मुख्य बॅटरी काढा, मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरीही काढा. बायॉस चिपवरचा नंबर वाचून ती ३.३ व्होल्टची की १.८ व्होल्टची ते ठरवा, १.८ व्होल्टच्या चिपला अडॅप्टर लागतो. बाजारातल्या बऱ्याच काळ्या सीएच३४१एवर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, त्यामुळे व्होल्टेज बदलायची सोय असलेला बोर्ड मिळाला तर तोच घ्या. लिहिण्याआधी चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत का ते ताडून बघा. क्लिप जरा हलली की वाचन चुकतं आणि तुमचा एकमेव बॅकअप कचरा होतो.

दुसऱ्याच्या लॅपटॉपमधून काढलेली अख्खी बायॉस फाइल मात्र लिहू नका. त्यात त्याचा सिरियल नंबर, त्याच्या लॅन कार्डाचा पत्ता, कधी विंडोजची की सुद्धा असते. तुमच्या खराब झालेल्या चिपमधून वाचलेली फाइल घ्या, आणि तिच्यात फक्त व्हीबायॉसचा भाग मूळचा घाला. यातही एक मेख आहे. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून बूट गार्ड, म्हणजे सुरू होताना बायॉसची सही तपासणारी व्यवस्था, आला. कंपनीने तो चालू केला असेल तर बायॉसच्या संरक्षित भागातला एक बाइट बदलला तरी लॅपटॉप उठणार नाही. ज्या जागी व्हीबायॉस आहे ती संरक्षित भागात येते की नाही, हे बदल करण्याआधी यूईएफआयटूलमध्ये पाहता येतं.

व्हीबायॉस जागेवर आला की ड्रायव्हर. नेट तोडा, सेफ मोडमध्ये जा, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने एनव्हिडियाचं सगळं पुसा, रीस्टार्ट करा, आणि न बदललेला ड्रायव्हर टाका. सहीची तपासणी बंद केली असेल तर पुन्हा चालू करा. आता हार्डवेअर आयडीत १३९२ (केप्लर असेल तर ११९ए) दिसायला हवा आणि नाव ८६०एम. त्यानंतरही ४३ येत असेल तर प्रश्न फर्मवेअरचा राहिलेला नाही. इतक्या जुन्या लॅपटॉपमध्ये चिपखालचे सोल्डरचे टाके सुटणं किंवा मेमरी चिप मरणं हे काही दुर्मीळ नाही.

जे हवं होतं ते फ्लॅश न करता

मॅक्सवेल ८६०एमचा बेस क्लॉक, म्हणजे ठरलेला वेग, १०२९ मेगाहर्ट्झ; बूस्ट, म्हणजे जमेल तेव्हा गाठायचा वेग, १०९७. ९६०एमचा बेस १०९६, बूस्ट ११७६. कोर दोन्हींत ६४०, मेमरीची रुंदी दोन्हींत १२८ बिट, वेग दोन्हींत सेकंदाला सुमारे ८० जीबी. म्हणजे सगळा खटाटोप बेसमध्ये ६७ आणि बूस्टमध्ये ७९ मेगाहर्ट्झसाठी. लॅपटॉपच्या मूळ व्हीबायॉसमध्ये सॉफ्टवेअरने क्लॉक वाढवायची मुभा साधारण १३५ मेगाहर्ट्झपर्यंत असते. आफ्टरबर्नर हा क्लॉक बदलणारा प्रोग्रॅम उघडा, कोर क्लॉक ८० ने वाढवा, लागू करा. ९६०एमशी तुमची गाठ पडली. नको वाटलं तर स्लायडर मागे घ्या, कोणाच्या रॉमला धक्का नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने ३४७.२९ या ड्रायव्हरमधून लॅपटॉपवरचं हे ओव्हरक्लॉकिंग बंद केलं होतं. आरडाओरडा झाल्यावर पुढच्याच महिन्यात ते परत दिलं. स्लायडर हलतच नसेल तर त्या दरम्यानचा जुना ड्रायव्हर बसलेला आहे का ते बघा.

१३५ च्या पलीकडे जायचंच असेल, आणि कार्डाला व्हीबायॉसची स्वतःची चिप असेल, तर दुसऱ्याचा व्हीबायॉस आणण्याऐवजी आपलाच घ्या आणि मॅक्सवेल बायॉस ट्वीकरमध्ये त्याचे क्लॉक बदला. बोर्डाचे, मेमरीचे, पोर्टांचे तक्ते तुमचेच राहतात, आयडी जुळतो, ड्रायव्हरला काही कळायचं कारण नाही. मला विचाराल तर जीएम१०७ वर फ्लॅश करण्याचं समर्थन करता येईल असं एवढंच काम आहे.

नव्या कार्डांवर हेही नाही. दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेलपासून एनव्हिडियाने चिपमधल्या छोट्या प्रोसेसरांच्या फर्मवेअरला सही सक्तीची केली, आणि २०१६ च्या पास्कलपासून व्हीबायॉसचीच सही तपासली जाऊ लागली. ३०५०चं ३०५० टीआय करायचं मनात असेल तर सोडून द्या. तिथे जादा कोर लागतात, आणि ते कारखान्यातच फ्यूज जाळून बंद केलेले असतात. फाइल बदलून उघडत नाहीत. आरटीएक्स ३०६० सारख्या कार्डांवर लोक वेगळ्या लॅपटॉपचा जास्त वॅटचा व्हीबायॉस टाकतात. त्या कार्डाला एनव्हिडियाने ६० ते ११५ वॅटची मुभा दिलेली आहे, आणि आयडी बहुतेक वेळा एकच असल्यामुळे इथे सांगितलेला ओळखीचा घोळ तिथे सहसा होत नाही. पण ८० वॅटसाठी बांधलेले पंखे आणि व्होल्टेजचे भाग ११५ वॅटला काय करतील, ते फाइल सांगत नाही. मेमरीच्या ब्रँडचा आणि पोर्टांच्या तक्त्याचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो.

वापरलेला लॅपटॉप विकत घेताना ९६०एम सांगून ८६०एम दिला जातोय का, असंही काही जण विचारतात. नाव बघू नका, हार्डवेअर आयडी बघा. १३९२ असेल तर ते ८६०एम. जीपीयू-झेड २०१८ पासून काही बनावट एनव्हिडिया कार्डांच्या नावाआधी तसा शिक्का दाखवतं, पण तो सगळ्या चिपसाठी नाही.

क्लॉक वाढवूनही गेममध्ये फरक दिसत नसेल तर जीपीयू-झेडच्या सेन्सर टॅबमध्ये ‘परफकॅप रीझन’ ही ओळ बघत गेम चालवा. तिथे ‘थर्म’ आलं तर कार्ड गरम होऊन स्वतःच मंदावतंय: पंखे साफ करा, थर्मल पेस्ट बदला. ‘पीडब्ल्यूआर’ आलं तर विजेची मर्यादा आडवी येते आहे. लॅपटॉप बॅटरीवर तर नाही ना, अडॅप्टर मूळ वॅटचाच आहे ना, ते तपासा. ‘व्हीरेल’ दिसत असेल तर चिप दिलेल्या व्होल्टेजवर जमेल तेवढी धावते आहे, आणि ९६०एमही तिथेच थांबलं असतं.